लिअँडर पेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेनिसवर लिहायला लागल्यापासून वाचकांचे सर्वाधिक प्रश्न येतात ते लिअँडर पेसबद्दल. काही शाळकरी मुलांचे, काही स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचे, तर काही नव्वदच्या दशकात रात्री जागून सामने पाहिलेल्यांचे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरे इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, गुंत्याचे नंतर. एखाद्या गोष्टीचा तपशील दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. लिअँडर पेस नक्की कुठला? कोणी गोव्याचा म्हणतात, कोणी बंगालचा.

दोन्ही खरे आहे. जन्म कोलकात्याचा, १७ जून १९७३. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघात ते होते आणि पुढे क्रीडावैद्यक क्षेत्रात त्यांनी मोठे काम केले. आई जेनिफर बास्केटबॉलमध्ये भारताची कर्णधार होती. आईकडून हे घराणे बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त यांच्यापर्यंत पोहोचते. लिअँडरचे बालपण कोलकात्यात गेले, खेळातली घडण मद्रासमध्ये झाली आणि नंतर बरीच वर्षे त्याचे घर मुंबईत होते. त्यामुळे तो आमचा म्हणणारे चारही ठिकाणी भेटतात.

२. घरात हॉकी आणि बास्केटबॉल असताना तो टेनिसकडे कसा आला?

लहानपणी तो फुटबॉलही मनापासून खेळायचा. टेनिसचा निर्णय झाला तो १९८५ मध्ये, मद्रासच्या ब्रिटानिया अमृतराज टेनिस अकादमीत त्याची निवड झाली तेव्हा. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. विजय अमृतराज आणि त्यांच्या कुटुंबाने उभी केलेली ही अकादमी त्या काळी देशात वेगळीच होती. मुले तिथेच राहायची, शाळा आणि सराव एकत्र चालायचा आणि परदेशी प्रशिक्षक असायचे. डेव्ह ओमेरा यांच्या हाताखाली लिअँडर तिथे तयार झाला. बाराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत राहायला जाणे सोपे नसते. पुढे सतत नवे जोडीदार, नवे देश आणि नवी मैदाने त्याने सहज पेलली. त्याचे मूळ मला इथे दिसते.

३. ज्युनिअर विम्बल्डन जिंकणारा तो पहिला भारतीय का?

नाही. रामनाथन कृष्णन यांनी ते १९५४ मध्ये जिंकले होते आणि त्यांचा मुलगा रमेश याने १९७९ मध्ये. लिअँडर तिसरा. १९९० च्या अंतिम सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेच्या मार्कोस ओंद्रुस्काला हरवले. १९९१ मध्ये ज्युनिअर अमेरिकन ओपन जिंकले आणि ज्युनिअरच्या जागतिक क्रमवारीत तो पहिल्या स्थानावर होता. व्यावसायिक खेळाडू झाला तोही १९९१ मध्येच.

४. त्याची एकूण ग्रँड स्लॅम विजेतेपदे किती? कोणाकोणाबरोबर?

अठरा. (ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या टेनिसच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धा म्हणजे ग्रँड स्लॅम.) पुरुष दुहेरीत ८ आणि मिश्र दुहेरीत १०. एकेरीत एकही नाही.

पुरुष दुहेरीची सुरुवात महेश भूपतीबरोबर झाली: १९९९ ची फ्रेंच ओपन, त्याच वर्षीची विम्बल्डन आणि २००१ ची फ्रेंच ओपन. नंतर चेक खेळाडूंची रांग लागते. मार्टिन दाम (अमेरिकन ओपन २००६), लुकास द्लौही (फ्रेंच आणि अमेरिकन ओपन २००९) आणि रादेक स्तेपानेक (ऑस्ट्रेलियन ओपन २०१२, अमेरिकन ओपन २०१३).

मिश्र दुहेरीत पहिले विजेतेपद लिसा रेमंडबरोबर, विम्बल्डन १९९९. मग मार्टिना नवरातिलोवाबरोबर २००३ ची ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन. कारा ब्लॅकबरोबर अमेरिकन ओपन २००८ आणि २०१० ची ऑस्ट्रेलियन ओपन व विम्बल्डन. मार्टिना हिंगिसबरोबर २०१५ च्या ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन अशा तीन स्पर्धा आणि शेवटची २०१६ ची फ्रेंच ओपन.

चारही ग्रँड स्लॅम निदान एकेकदा जिंकण्याचे वर्तुळ त्याने पुरुष दुहेरीत २०१२ मध्ये पूर्ण केले आणि मिश्र दुहेरीत २०१६ मध्ये. २०१६ च्या त्या अंतिम सामन्यात पलीकडे सानिया मिर्झा होती, इव्हान दोदिगबरोबर. निर्णायक टायब्रेकर लिअँडर आणि हिंगिसने १०-८ असा घेतला. एका भारतीयाने जिंकायचे आणि एका भारतीयाने हरायचे, असा तो विचित्र दिवस होता.

५. एकेरीत तो मागे का पडला?

मागे पडला हे खरे, पण किती मागे ते आधी पाहू. १९९८ मध्ये तो जागतिक क्रमवारीत ७३ व्या स्थानापर्यंत गेला होता. त्याच वर्षी न्यूपोर्टला हिरवळीवर नेव्हिल गॉडविनला हरवून त्याने एटीपीचे, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस मालिकेतले, एकेरीचे विजेतेपद मिळवले. आजही एखादा भारतीय पुरुष इथवर पोहोचला तर वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी येते.

कारण त्याच्या खेळाच्या घडणीत आहे. बेसलाइनवर उभे राहून वीस-वीस फटक्यांची रॅली खेळावी असा त्याचा खेळ नव्हता. एका हाताचा बॅकहँड तो बहुतेक वेळा कापून खेळायचा आणि त्यावर प्रतिस्पर्धी जोर लावायचे. सर्व्हिसही एकेरीतल्या बड्या खेळाडूंच्या मानाने साधी. त्याची ताकद होती नेटजवळ: हाताचा वेग, चेंडू कुठे येणार याचा अंदाज, अर्ध्या व्हॉलीतून उचललेला लॉब, मरणारी ड्रॉप व्हॉली. नव्वदच्या दशकात रॅकेट आणि तारा बदलत गेल्या, पाठीमागून मारलेले फटके जड झाले आणि नेटकडे धावणाऱ्या खेळाडूला एकेरीत जागा कमी उरली. दुहेरीत मात्र नेट म्हणजेच अर्धा सामना. त्याने आपली ताकद जिथे चालते ती जागा ओळखली आणि तिथे अव्वल झाला. याला मी पळवाट म्हणणार नाही.

६. अटलांटाचे पदक नशिबाने मिळाले असे काही जण म्हणतात. खरे काय?

पहिल्या फेरीपुरते नशीब होते, हे मान्य. १९९६ मध्ये लिअँडर क्रमवारीत पहिल्या शंभरातही नव्हता आणि त्याला वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारी बाजूला ठेवून दिलेल्या खास निमंत्रणावर, प्रवेश मिळाला. सोडतीत समोर आला पीट सॅम्प्रस. सॅम्प्रसने दुखापतीमुळे माघार घेतली आणि त्याच्या जागी रिची रेनेबर्ग आला. रेनेबर्गने तिसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच सामना सोडला.

इथून पुढे मात्र कोणी काही सोडले नाही. व्हेनेझुएलाचा निकोलस पेरेरा हरला. मग स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट, जो त्या काळी पहिल्या दहाच्या आसपास होता, तोही सरळ सेटमध्ये. उपांत्यपूर्व फेरीत इटलीचा रेन्झो फुर्लान. उपांत्य फेरीत आंद्रे आगासीने त्याला ७-६, ६-३ असे हरवले. पहिल्या सेटमध्ये टायब्रेकरपर्यंत आगासीला झुंजावे लागले, आणि तेही आगासीच्याच देशातल्या प्रेक्षकांपुढे. आगासी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला.

त्या सामन्यात लिअँडरचे मनगट दुखावले. कांस्यपदकाच्या सामन्यात तो मनगट बांधून उतरला, ब्राझीलच्या फर्नांदो मेलिगेनीविरुद्ध पहिला सेट ३-६ असा हरला आणि पुढचे दोन ६-२, ६-४ असे जिंकला. तारीख ३ ऑगस्ट १९९६.

एक बारीक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९८८ आणि १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये टेनिसच्या उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळायचे. बार्सिलोना १९९२ मध्ये लिअँडर आणि रमेश कृष्णन दुहेरीच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले होते. तो एक सामना जिंकले असते तर पदक पक्के होते. अटलांटात नियम बदलला आणि कांस्यपदकासाठी वेगळा सामना जिंकावा लागला. म्हणजे एकदा सवलतीच्या नियमात त्याचे पदक एका सामन्याने हुकले आणि पुढच्या वेळी कडक नियमात त्याने ते मिळवले. नशिबाचा हिशेब मांडायचाच असेल तर हेही त्यात धरावे.

७. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लिअँडरचे की खाशाबा जाधवांचे?

खाशाबांचे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. लिअँडरचे पदक त्यानंतर तब्बल ४४ वर्षांनी आले. मधल्या काळात भारताची सगळी पदके हॉकी संघाची होती. स्पर्धा परीक्षांच्या काही पुस्तकांत लिअँडरला ‘पहिला’ म्हटलेले आढळते, ते चूक आहे. टेनिसमधले भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक असे म्हटले तर बरोबर. खाशाबांना हयातीत पद्म पुरस्कारही मिळाला नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकांनी तरी हा क्रम चुकवू नये असे मला कळकळीने वाटते.

८. तो किती ऑलिम्पिक खेळला?

सलग सात, बार्सिलोना १९९२ ते रिओ २०१६. टेनिसमध्ये सात ऑलिम्पिक खेळणारा तो पहिला. सिडनी २००० मध्ये उद्घाटनाला भारताचा ध्वज त्याच्या हातात होता. पदक मात्र एकच, अटलांटाचे. सर्वात जवळ गेला तो अथेन्स २००४ मध्ये: कांस्यपदकाच्या सामन्यात लिअँडर आणि भूपती क्रोएशियाच्या आन्चिच आणि ल्युबिचिचकडून तिसऱ्या सेटमध्ये १४-१६ असे हरले. तो सामना ज्यांनी पाहिला त्यांना आजही त्याचा विषय नको असतो.

९. डेव्हिस चषकात तो वेगळाच खेळायचा असे सगळे म्हणतात. आकडे तसे सांगतात का?

सांगतात.

डेव्हिस चषक ही पुरुषांच्या देशोदेशींच्या संघांची स्पर्धा. आधी तिची जुनी पद्धत सांगतो, कारण नव्या वाचकांनी ती पाहिलेली नाही. २०१८ पर्यंत मुख्य गटातली लढत तीन दिवस चालायची. दोन एकेरी, एक दुहेरी, पुन्हा दोन एकेरी, आणि प्रत्येक सामना पाच सेटचा. यजमान देश आपल्या सोयीची कोर्ट निवडायचा. भारत घरी असला की हिरवळ टाकायचा. पाहुण्या संघाला त्यावर चेंडू नीट उसळेना आणि लिअँडर नेटवर वाट पाहत असायचा.

पदार्पण १९९० मध्ये चंदीगडला, जपानविरुद्ध, वयाच्या सोळाव्या वर्षी. झीशान अलीबरोबरचा तो दुहेरीचा सामना पाचव्या सेटमध्ये १८-१६ असा संपला. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या फ्रेजूसला, लाल मातीवर, त्याने एकेरीत आर्नो बोएच आणि ऑंरी लेकाँत या दोघांनाही हरवले आणि भारत उपांत्य फेरीत गेला. १९९५ मध्ये दिल्लीत क्रोएशियाच्या गोरान इव्हानिसेविचविरुद्ध पहिले दोन सेट गमावून तो जिंकला. इव्हानिसेविच तेव्हा जगातल्या सर्वात धोकादायक सर्व्हिसवाल्यांपैकी एक होता.

हे तिघेही क्रमवारीत त्याच्या बऱ्याच वर होते. एटीपी स्पर्धांत तो त्यांच्याविरुद्ध असाच खेळला असता असे मला वाटत नाही. त्याला प्रेक्षक लागायचे, बाकावरचे सहकारी लागायचे, पंचांनी गुण सांगताना ‘भारत’ म्हणणे लागायचे. एटीपीमध्ये गुण खेळाडूच्या नावाने पुकारतात, डेव्हिस चषकात देशाच्या. हा फरक काहींना जाणवतही नाही. त्याच्या खेळात तो दर वेळी दिसायचा.

१०. मग भारताने त्याच्या काळात डेव्हिस चषक जिंकला का?

नाही. भारत तीनदा अंतिम फेरीत गेला, १९६६, १९७४ आणि १९८७ मध्ये, आणि तिन्ही वेळा लिअँडर संघात यायच्या आधी. १९७४ मध्ये वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अंतिम लढत खेळण्यासच नकार दिला. लिअँडरच्या काळातली सर्वोत्तम मजल १९९३ ची उपांत्य फेरी.

११. डेव्हिस चषकातला दुहेरीचा विक्रम ४३ विजयांचा की ४५ चा? दोन्ही आकडे वाचायला मिळतात.

दोन्ही आकडे खरे आहेत, तारखा वेगळ्या आहेत. इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा ४२ विजयांचा विक्रम अनेक दशके टिकून होता. लिअँडरने एप्रिल २०१८ मध्ये चीनमधल्या तिआनजिनला रोहन बोपण्णाबरोबर ४३ वा विजय मिळवून तो मोडला. भारत त्या लढतीत ०-२ मागे होता, पहिला सेटही गेला होता, आणि पुढचे दोन सेट टायब्रेकरवर आले. तो सामना जिंकल्यावर भारताने लढतही ३-२ अशी घेतली. ज्या झीशान अलीबरोबर लिअँडरने १९९० मध्ये पहिला विजय मिळवला, तो त्या दिवशी संघाचा प्रशिक्षक होता.

नंतर २०१९ मध्ये पाकिस्तानविरुद्ध आणि मार्च २०२० मध्ये क्रोएशियाविरुद्ध आणखी दोन विजय आले. म्हणून विक्रम मोडतानाचा आकडा ४३ आणि कारकिर्दीचा शेवटचा आकडा ४५. परीक्षेत प्रश्न कसा विचारला आहे ते नीट वाचा.

१२. पेस आणि भूपती का तुटले?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच. कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा मी देणार नाही. दोघांनी २०२१ मध्ये एका माहितीपट-मालिकेत आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने मांडली आहे. त्यातून प्रशिक्षक, भोवतालची माणसे आणि एकमेकांशी वेळेवर न बोलणे ही कारणे पुढे येतात. जाणून घ्यायचेच असेल तर ऐकीव गोष्टींपेक्षा ते पाहावे.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यांनी मिळून काय केले ते. १९९९ मध्ये ही जोडी चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत गेली आणि त्यांतल्या दोन जिंकली. ग्रँड स्लॅमची दुहेरी जिंकणारी ती पहिली भारतीय जोडी. त्याच वर्षी दोघे जागतिक क्रमवारीत दुहेरीत अव्वल झाले. डेव्हिस चषकात दोघांनी मिळून सलग २४ सामने जिंकले. बोलणे बंद असतानाच्या काळातलेही विजय त्यात आहेत. कोर्टवर शेजारी उभे राहून एकमेकांच्या हालचाली न बोलता ओळखणाऱ्या दोन माणसांना कोर्टबाहेर बोलता येऊ नये, ही या कथेतली खरी हळहळ आहे.

२००९ च्या अमेरिकन ओपनमध्ये अंतिम सामना लिअँडर-द्लौही विरुद्ध भूपती-मार्क नोल्स असा झाला आणि लिअँडर जिंकला. २०११ मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले, ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत गेले आणि ब्रायन बंधूंकडून हरले. ते विजेतेपद त्या वेळी दोघांकडेही नव्हते. लिअँडरला ते पुढच्या वर्षी मिळाले, भूपतीला पुरुष दुहेरीत कधीच नाही.

१३. लंडन ऑलिम्पिकच्या निवडीचा वाद काय होता?

२०१२ मध्ये अखिल भारतीय टेनिस संघटनेने लिअँडर-भूपती जोडी जाहीर केली. भूपतीने नकार दिला आणि त्याला बोपण्णाबरोबर खेळायचे होते. बोपण्णानेही लिअँडरबरोबर खेळायला नकार दिला. शेवटी दोन जोड्या गेल्या: भूपती-बोपण्णा आणि लिअँडर-विष्णू वर्धन. मिश्र दुहेरीत लिअँडरला सानियाबरोबर ठेवले. सानियाने त्याच वर्षी भूपतीबरोबर फ्रेंच ओपन जिंकली होती, त्यामुळे आपल्याला कोणाची तरी समजूत काढण्यासाठी वापरले, असे तिने जाहीरपणे म्हटले. तिची नाराजी रास्त होती. पदक कोणालाच मिळाले नाही. तिघांची उमेदीची वर्षे एकत्र आली होती आणि देशाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

१४. ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय लिअँडर का?

नाही, महेश भूपती. १९९७ ची फ्रेंच ओपन मिश्र दुहेरी, जपानच्या रिका हिराकीबरोबर. पुरुष दुहेरीतला पहिला भारतीय विजय मात्र दोघांचा मिळून, १९९९ चा (प्रश्न १२).

१५. त्याने पीट सॅम्प्रसला खरेच हरवले होते?

हो. १९९८, न्यू हेवन, ६-३, ६-४. दोघे एकेरीत एकदाच समोरासमोर आले, त्यामुळे आपसातला हिशेब कायमचा १-० असा लिअँडरच्या बाजूने राहिला. अटलांटातली सॅम्प्रसची माघार (प्रश्न ६) यात धरत नाहीत. तो सामना झालाच नव्हता.

१६. आशियाई खेळांत त्याच्याबरोबर एक मराठी खेळाडू होता ना?

होता. गौरव नाटेकर, बॅडमिंटनचे महान खेळाडू नंदू नाटेकर यांचा मुलगा. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत लिअँडर आणि गौरवने पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले आणि सांघिक सुवर्णही मिळाले. लिअँडरच्या जोडीदारांची नावे शंभराच्या वर जातात आणि त्या गर्दीत गौरवचे नाव हरवते. हे नाव आपण तरी जपायला हवे. पुढे लिअँडरने २००२ (बुसान) आणि २००६ (दोहा) मध्ये भूपतीबरोबर पुरुष दुहेरीचे आणि दोहातच सानियाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. आशियाई खेळांत एकूण पाच सुवर्णपदके.

१७. २००३ मध्ये त्याला मेंदूचा कर्करोग झाला होता का?

नाही. तशी भीती मात्र वाटली होती. २००३ च्या ऑगस्टमध्ये तीव्र डोकेदुखीमुळे त्याला अमेरिकेत ऑर्लँडोच्या रुग्णालयात दाखल केले. तपासणीत मेंदूत गाठ दिसली. पुढच्या तपासण्यांतून निदान झाले न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे, म्हणजे पट्टकृमीच्या अळीमुळे मेंदूत होणाऱ्या संसर्गाचे. तो औषधांनी बरा होतो आणि लिअँडर बरा झाला. त्या वर्षीची अमेरिकन ओपन हुकली. वर्षभरात तो अथेन्स ऑलिम्पिकमध्ये पदकाच्या सामन्यात उभा होता (प्रश्न ८).

या आजाराबद्दल एक गोष्ट वाचकांसाठी मुद्दाम: हा फक्त मांसाहाराने होतो हा समज बरोबर नाही. कृमीची अंडी असलेल्या पाण्यातून किंवा नीट न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतूनही तो होतो, म्हणून शाकाहारी माणसांतही आढळतो.

१८. दोन मार्टिनांपैकी कोणाबरोबर त्याने जास्त जिंकले?

संख्येने हिंगिसबरोबर, चार ग्रँड स्लॅम. नवरातिलोवाबरोबर दोन. पण त्या दोन विजयांचे मोल वेगळे आहे. २००३ ची ऑस्ट्रेलियन ओपन मिश्र दुहेरी हे नवरातिलोवाच्या संग्रहातले एकमेव न मिळालेले ग्रँड स्लॅम होते. ते तिला लिअँडरबरोबर मिळाले. त्याच वर्षीच्या विम्बल्डनने तिची तिथली विजेतेपदे २० झाली आणि बिली जीन किंगच्या विक्रमाशी बरोबरी झाली. तिचे वय तेव्हा ४६ होते. एवढ्या मोठ्या खेळाडूने आपले शेवटचे अपुरे काम पूर्ण करायला हा जोडीदार निवडला.

१९. चाळिशीनंतरही तो ग्रँड स्लॅम कसा जिंकत राहिला? दुहेरी सोपी असते म्हणून?

दुहेरीत धावणे कमी असते, हे खरे. सोपी मात्र नसते. अर्धेच कोर्ट सांभाळायचे असते, पण विचार करायला वेळ निम्म्याहून कमी मिळतो. चौघे नेटजवळ आले की चेंडू हातांच्या वेगावर खेळला जातो. जोडीदार सर्व्हिस करताना नेटवरच्या खेळाडूने कधी सरकायचे, कधी सरकल्याचा भास निर्माण करायचा, हे सगळे बोटांच्या खुणांनी आधी ठरते आणि क्षणात बदलावे लागते. इथे अनुभव वयाला भारी पडतो. लिअँडर समोरच्या जोडीतला कोण बिचकला आहे ते ओळखायचा आणि पुढचे तीन चेंडू त्याच्याकडेच जायचे.

२०१३ ची अमेरिकन ओपन पाहा. ब्रायन बंधूंनी त्या वर्षीची आधीची तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकली होती. चौथी जिंकून वर्षाचे वर्तुळ पूर्ण करायला ते आले आणि उपांत्य फेरीत लिअँडर-स्तेपानेकने त्यांना थांबवले. मग अंतिम सामनाही जिंकला. लिअँडर तेव्हा ४० वर्षांचा होता.

२०. म्हणजे ग्रँड स्लॅम जिंकणारा सर्वात वयस्क पुरुष तोच ना?

पुरुष दुहेरीत तेव्हा, खुल्या युगात (१९६८ पासून, व्यावसायिक खेळाडूंनाही प्रवेश मिळू लागल्यानंतर), होता. आता रोहन बोपण्णा आहे. त्याने जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, वय ४३. जुन्या लेखांत लिअँडरचे नाव असेल तर ते त्या तारखेपुरते खरे समजावे.

२१. त्याने निवृत्ती कधी घेतली? शेवटचा सामना कोणता?

२०२० हे आपले शेवटचे वर्ष असेल असे त्याने २०१९ च्या नाताळात जाहीर केले होते. आठवे ऑलिम्पिक टोकियोला खेळायचे मनात होते. मार्च २०२० मध्ये झाग्रेबला डेव्हिस चषकात त्याने बोपण्णाबरोबर माते पाविच आणि फ्रांको श्कुगोर या जोडीला तीन सेटमध्ये हरवले. काही दिवसांतच करोनाच्या साथीने जगभरचे टेनिस बंद पडले, ऑलिम्पिक पुढे गेले आणि तो सामनाच शेवटचा ठरला. निरोपाचा सोहळा झाला नाही. पुढच्या वर्षी राजकारणात येताना (प्रश्न २२) त्याने आपण टेनिसमधून निवृत्त झाल्याचे बोलण्यात सांगितले. झाग्रेबची ती लढत भारत हरला, पण तो स्वतः देशासाठी खेळलेला शेवटचा सामना जिंकला.

२२. निवृत्तीनंतर तो काय करतो?

ऑक्टोबर २०२१ मध्ये गोव्यात ममता बॅनर्जींच्या उपस्थितीत त्याने तृणमूल काँग्रेसमध्ये प्रवेश केला. वडिलांच्या मूळ गावाच्या प्रदेशातून सुरुवात झाली, हे लक्षात घेण्याजोगे. त्याआधी २०१३ मध्ये एका हिंदी चित्रपटात त्याने भूमिकाही केली होती. २०२४ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला (प्रश्न २३). डॉ. वेस पेस यांचे १४ ऑगस्ट २०२५ रोजी कोलकात्यात निधन झाले. बाप आणि लेक दोघेही ऑलिम्पिक पदकविजेते असलेले घर आपल्या देशात फार दुर्मिळ आहे.

त्याच्या कौटुंबिक आयुष्याबद्दलही बरेच प्रश्न येतात. ती उत्तरे इथे देत नाही. तो विषय त्या कुटुंबाचा आहे.

२३. हॉल ऑफ फेममध्ये जाणारा तो पहिला आशियाई का?

पहिल्या आशियाई पुरुषांपैकी एक, असे म्हणा. चीनची ली ना २०१९ मध्येच तिथे पोहोचली होती. २० जुलै २०२४ रोजी लिअँडर खेळाडू म्हणून आणि विजय अमृतराज योगदानासाठी, असे दोघे एकाच दिवशी सामील झाले. ज्यांच्या अकादमीत तो बारा वर्षांचा असताना गेला (प्रश्न २), त्यांच्याच शेजारी तो उभा होता. हा सोहळा होतो न्यूपोर्टला, आणि त्याचे एकेरीचे एकमेव एटीपी विजेतेपदही न्यूपोर्टचेच, त्याच आवारातल्या हिरवळीवरचे.

२४. त्याला मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार कोणते?

अर्जुन पुरस्कार (१९९०), राजीव गांधी खेलरत्न (१९९६-९७), पद्मश्री (२००१), पद्मभूषण (२०१४).

२५. महाराष्ट्रात तो कधी खेळला का?

अनेकदा. लोकांना आठवते ती फेब्रुवारी २०१७ ची पुण्यातली, बालेवाडीची डेव्हिस चषक लढत. न्यूझीलंडविरुद्ध दुहेरीचा सामना जिंकला असता तर ४३ वा विजय आणि विक्रम पुण्यातच झाला असता. लिअँडर आणि विष्णू वर्धन यांनी पहिला सेट घेतला, पण आर्टेम सिटाक आणि मायकेल व्हीनस यांनी पुढचे तिन्ही घेऊन सामना जिंकला. भारताने लढत जिंकली. विक्रमाला त्यानंतर वर्षाहून अधिक काळ लागला. एप्रिल २०१७ मध्ये बंगळुरूला उझबेकिस्तानविरुद्धच्या लढतीत त्याला वगळण्यात आले आणि तेव्हा संघाचा न खेळणारा कर्णधार होता महेश भूपती. पुढच्या वर्षी तिआनजिनला लिअँडर संघात परतल्यावर विक्रमाच्या वेळी कोर्टवरच्या खुर्चीत बसलेला कर्णधारही भूपतीच होता.